अडलं ते सांगा!

अंधेरीचे सीप्झ १९७३ साली सुरू झाले. आज तिथे आणि आसपासच्या कार्यालयांत चाळी-वस्त्यांतून आलेली मुले-मुलीही संगणकाचे काम करतात. त्यांच्या तोंडी घरी ‘स्क्रम’ हा शब्द येतो. हे आहे तरी काय?

नाव रग्बीच्या खेळातले. केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनी १९९५ साली मांडलेली ही कामाची पद्धत. साधारण दहा जणांपर्यंतचा गट, फार तर महिन्याचा टप्पा आणि टप्प्याअखेर वापरता येईल असे काम. रोज पंधरा मिनिटे सारे जमतात, दिवसाचे काम ठरवतात, अडचणी सांगतात.

नेमके तिथेच आपले मूल गप्प बसते. इंग्रजी चुकेल, लोक हसतील, ही धास्ती. पण लपवलेली अडचण साऱ्या गटाचे काम अडवते. ही बैठक साहेबापुढे हजेरी देण्यासाठी नाही, एकमेकांना हात देण्यासाठी आहे. म्हणून थोडक्यात सांगावे: काय झाले, आज काय करणार, कुठे अडले.

पालकांनो, मुलगी कामावरून आली की ‘साहेब काय म्हणाले?’ एवढेच विचारू नका. ‘आज कुठे अडलं? कोणाला विचारलंस?’ हेही विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.