फुटीच्या बातमीचे मराठी

नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले, म्हणजे आमच्या कचेरीत रात्रपाळीला वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुराचा ओघ वाढतो. आणि त्यात एखाद्या पक्षातील दुफळीची वार्ता असली, की पहिली आवृत्ती सुटण्याची वेळ जवळ येत असताना अनुवाद करणाऱ्याच्या विवेकाची खरी कसोटी लागते.

उमेदवारीच्या काळात 'क्रॉस्ड द फ्लोअर' या शब्दांचे भाषांतर मी 'सभात्याग केला' असे करून बसलो, तेव्हा शेजारच्या ज्येष्ठ उपसंपादकांनी कोऱ्या कागदावर दोन समांतर रेघा ओढल्या. "हे बघ, ब्रिटिश पार्लमेंटात सरकार आणि विरोधक समोरासमोर बसतात. मधली जागा ओलांडून जो पलीकडे गेला, त्याने पक्ष सोडला, सभागृह नव्हे." माझे शब्द खोडून त्यांनी लिहिले, 'विरोधी बाकांवर जाऊन बसले'.

'सिटिंग ऑन द फेन्स'चे तसेच. 'कुंपणावर बसलेले आमदार' असे लिहिले, तर कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण ज्याच्या कानात आहे, त्या वाचकाला विश्वासघाताचा वास येतो; वास्तविक तेथे केवळ अनिश्चय अभिप्रेत असतो, आणि त्यासाठी मुलांच्या खेळातले 'तळ्यात-मळ्यात' आपल्या घरीच आहे.

सर्वांत जोखमीचा शब्द 'स्प्लिट'. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने विधिमंडळ पक्षातील एकतृतीयांश सदस्यांच्या फुटीला अपात्रतेतून सूट दिली होती. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती रद्द झाली आणि दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची सूट तेवढी उरली. म्हणूनच जून 2022 मध्ये शिवसेनेत आणि जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये मूळ पक्ष कोणाचा, हाच तंटा उभा राहिला, तेव्हा 'फूट', 'बंड' आणि 'विलीनीकरण' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणे म्हणजे निवाड्यापूर्वीच निवाडा देणे होते. कोण गेले, किती गेले, कोठे गेले, याची खातरजमा करून तेवढेच लिहावे, हा दंडक मी त्या दिवसांत कसोशीने पाळला.

फुटीला नेमके शब्द देणे मराठीला नवे नाही. 1907 चे काँग्रेस अधिवेशन नागपूरलाच भरायचे होते. येथील वादामुळे ते सुरतेस हलवले आणि तेथे काँग्रेस दुभंगली. त्या दोन बाजूंना मराठीने 'जहाल' आणि 'मवाळ' म्हटले, आणि या शब्दांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.