वाट आणि उंबरठा : चित्रकार बेंद्रे यांना चित्रे कुठे सापडली?



चित्रकारावर बोलायला होमिओपॅथीचा डॉक्टर उभा राहिला की श्रोत्यांच्या मनात शंका येणारच. ती रास्त आहे. मी चित्रे काढत नाही, पाहतो. पण आजचा विषय मला चित्रशाळेपेक्षा दवाखान्यात अधिक भेटला आहे. साठी ओलांडलेले अनेक रुग्ण सांधेदुखी सांगून झाल्यावर हळूच म्हणतात, "डॉक्टर, रोज तेच ते. नवीन काही उरलंच नाही." यांतले कितीतरी जण काशीपासून युरोपपर्यंत फिरून आलेले असतात. प्रवास झाला, फोटो निघाले, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच ते. या तक्रारीवर माझ्याकडे गोळी नाही.

चित्रकाराला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. काल काढलेले चित्र आज पुन्हा काढून भागत नाही. मग नवे चित्र येते कुठून? लांबच्या मुलुखातून, की घरच्या अंगणातून? याचे उत्तर मी नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या आयुष्यात शोधतो आहे. ते आपल्यासारख्याच, महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी वस्तीतले होते.

बेंद्रे यांचा जन्म १९१० साली इंदूरचा. होळकरांच्या त्या शहरातील कलाशाळेत दत्तात्रय देवळालीकर हे त्यांचे गुरू. विद्यार्थ्यांना चार भिंतींबाहेर काढून उघड्यावर, उन्हात चित्र रंगवायला लावणे ही तिथली रीत. साहजिकच सकाळची भिंत आणि दुपारची भिंत एकच असली तरी तिचा रंग एक नसतो, हा पहिला धडा बेंद्रे यांना गावातच मिळाला. म्हणजे प्रवासाला निघण्यापूर्वीच पाहण्याची सवय लागलेली होती. पुढे त्यांनी मुंबईची कला पदविका घेतली आणि मग जी भटकंती सुरू झाली ती जन्मभर थांबली नाही.

१९३०च्या दशकात ते काश्मीरमध्ये पर्यटन विभागासाठी चित्रकार म्हणून काम करीत होते. १९४५ साली शांतिनिकेतनात राहिले. तिथे नंदलाल बोस, रामकिंकर बैज आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांचा सहवास लाभला. १९४८च्या सुमारास अमेरिका झाली, न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन झाले, आणि परतताना युरोपातील आधुनिक चित्रे प्रत्यक्ष पाहता आली. नंतर पश्चिम आशिया, लंडन, जपान.

आता गंमत पाहा. इतके जग पाहिलेल्या माणसाची सर्वांच्या लक्षात राहिलेली चित्रे कशाची आहेत? १९५५ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'काटा' या चित्राला. विषय एवढाच की बाईच्या पायात रुतलेला काटा काढला जातो आहे. उत्तरायुष्यातील चित्रांत तर खेड्यातल्या बायाच बाया आहेत, त्यांच्या रोजच्या कामात आणि विसाव्यात. मग प्रवासाने दिले काय?

याचे उत्तर 'काटा'मध्येच आहे. पायातला काटा हा आपल्याकडे नवा विषय नव्हे. खजुराहोच्या शिल्पांतही काटा काढणारी स्त्री आहे. आणि खेड्यात तर तो रोजचाच प्रसंग. पण बेंद्रे यांनी तो मांडला तेव्हा आकारांची मोडणी युरोपातील घनवादी चित्रांची आठवण करून देणारी होती. घनवादी चित्रकार वस्तू एकाच बाजूने जशी दिसते तशी काढत नाहीत. तिचे पैलू सुटे करतात आणि पुन्हा जुळवतात. ही रीत दूरची, प्रसंग मात्र दाराशी. मला वाटते, प्रवासाने बेंद्रे यांना विषय दिले त्याहून जास्त नजर दिली, आणि त्या नजरेला काम मिळाले ते घरी परतल्यावर.

ठिपक्यांच्या चित्रांचेही तसेच आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज सरा याने १८८०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. रंग पाटीवर एकमेकांत घोटायचे नाहीत. शुद्ध रंगाचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे. जवळून पाहिले तर नुसते ठिपके. चार पावले मागे सरकलो की आपला डोळाच त्यांची बेरीज करतो. फार रंग एकत्र घोटले की मळकट होतात, हे घरातल्या नातवंडांच्या रंगपेटीवरूनही कळते. ठिपके सुटे राहिले तर रंग धगधगीत राहतो, आणि चित्र थरथरते आहे असे वाटते. सरा याने या पद्धतीने पॅरिसजवळच्या बेटावर रविवारची सुटी घालवणारी माणसे रंगवली. बेंद्रे यांनी तीच युक्ती आपल्या उन्हाला आणि आपल्या बायांच्या लुगड्यांना लावली. उसनी आणलेली वस्तू घरातली कशी होते, याचे हे उदाहरण आहे.

आमच्या व्यवसायातही असाच एक धडा आहे. रुग्ण म्हणतो, "डोकं दुखतं." यावर आम्ही औषध देत नाही. कुठली बाजू? सकाळी की संध्याकाळी? उन्हाने वाढते की गार वाऱ्याने? दाबले की बरे वाटते का? अशा प्रश्नांतून 'डोकेदुखी' या सामान्य नावाखालचा हा एक माणूस दिसू लागतो. चित्रकाराची रेखाटनवही हेच काम करते. "बाई पाणी नेते आहे" हे सामान्य विधान झाले. भार कुठल्या कमरेवर आहे, मान किती ताठ, मोकळा हात तोल कसा सांभाळतो, हे टिपले की चित्राला सुरुवात झाली. कॅमेरा हे सारे क्षणात नोंदवतो, पण त्यासाठी आपल्याला थांबावे लागत नाही. हाताने काढायला बसलो की दहा मिनिटे एका जागी पाहावेच लागते. फोटो काढूनही पाहणे राहून जाते, ते याचमुळे.

"पण आमच्याच्याने आता प्रवास होत नाही," असे कोणी म्हणेल. त्यांना मी इंदूरचेच दुसरे नाव सांगतो, विष्णू चिंचाळकर. तेही देवळालीकरांचे शिष्य. लोक त्यांना गुरुजी म्हणत. वाळकी पाने, काटक्या, बिया, फेकून दिलेल्या वस्तू यांत त्यांना पक्षी दिसत, माणसांचे चेहरे दिसत. आपण केराच्या टोपलीत टाकू त्या वस्तूचे नुसते तोंड फिरवून ते तिची कलाकृती करीत. एकाच शाळेतून एक चित्रकार जगभर फिरला, दुसरा झाडाखालच्या पाचोळ्यापाशी वाकला. दोघांनाही नवे सापडले.

मी जैन घरातला. आमचे साधू-साध्वी आठ महिने पायी विहार करतात आणि पावसाळ्याचे चार महिने एका गावी थांबतात. त्यामागचे कारण अहिंसेचे आहे, चित्रकलेचे नव्हे. तरी ही लय मला बेंद्रे यांच्या आयुष्यात दिसते. त्यांच्या विहाराला बडोद्याचा चातुर्मास लाभला. १९५०मध्ये ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नव्या ललितकला विद्याशाखेत चित्रकला विभागाचे प्रमुख झाले, पुढे अधिष्ठाता झाले. गुलाम मोहम्मद शेख, ज्योती भट्ट, शांती दवे यांसारखे चित्रकार त्या पहिल्या पिढ्यांतून घडले. फिरून जमवलेले त्यांनी तिथे वाटले, आणि शिकवताना स्वतःही घनवादी, अमूर्त असे प्रयोग करून पाहिले. १९६६ साली, हाती अधिकार असताना, त्यांनी ते पद सोडले आणि पूर्ण वेळ चित्रांकडे वळले. त्या वेळी वय ५६. आपल्याकडे ज्या वयात लोक निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतात, त्या वयात हा माणूस नव्याने सुरुवात करीत होता. १९९२मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पद्मभूषण जाहीर झाले होते.

आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे. मनात कुठेतरी सल असतो की खरे काही घडते ते पुण्या-मुंबईत. आपण कडेला आहोत. बेंद्रे यांची गोष्ट हा सल थोडा तरी काढते. त्यांची नजर इंदुरात तयार झाली, जगात तासली गेली आणि बडोद्यात फळली. कडेला उभे राहणाऱ्याला दोन्हीकडचे दिसते. मात्र त्याने पाहिले पाहिजे.

म्हणून उद्या एक करा. चाळीस पानी वही आणि पेन्सिल आणा. चित्र चांगले येण्याची अट नाही. रोज घरातली एकच वस्तू किंवा एकच माणूस दहा मिनिटे पाहून काढा : पितळी तांब्या, भाजी निवडणारे हात, पारावर पेंगणारा शेजारी. पुढच्या सहलीला तीच वही बरोबर न्या. परत आल्यावर पुन्हा तांब्यापासून सुरुवात करा. तो तांब्या पूर्वीसारखा दिसतो का, ते आधीचे पान उघडून ताडून पाहा.