विश्वस्तांचा वार्षिक हिशेब

महाराष्ट्रातील खासगी अनुदानित महाविद्यालय चालवणारी शिक्षण संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली अशी दुहेरी नोंदलेली असते, त्यामुळे तिचे पदाधिकारी कायद्याने विश्वस्त, म्हणजे लोकहितासाठी दुसऱ्यांची मालमत्ता सांभाळणारे, ठरतात आणि राज्याला दरवर्षी हिशेब देणे त्यांच्यावर बंधनकारक होते.

हा हिशेब प्रामुख्याने धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो. साधारणपणे ३१ मार्चला वह्या बंद केल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण पुरे करावे लागते, आणि ताळेबंद व जमाखर्चाचे पत्रक आपल्या अहवालासह लेखापरीक्षकच कार्यालयाला पाठवतो. या अहवालासोबतची प्रश्नावली सर्वांत वाचनीय म्हणावी लागेल: तपासणीच्या दिवशी हातातील रोकड व पावत्या वहीशी जुळल्या का, एखादा विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, सभांची इतिवृत्ते ठेवली आहेत का, गेल्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर झाल्या का, आणि पाच हजार रुपयांवरील दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागवल्या का. (आज एवढ्या रकमेत एका वर्गाची रंगरंगोटीही होणे कठीण.)

विश्वस्त बदलला, तर १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार नव्वद दिवसांत ‘चेंज रिपोर्ट’, म्हणजे बदल अहवाल, दाखल करावा लागतो. संस्थेत दोन गट पडले, की याच अर्जावर हरकती येतात, प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते, नोंदवहीत जुनीच नावे राहतात आणि सही कोणाची चालणार हा साधा प्रश्न बँकेपासून शिक्षण खात्यापर्यंत सर्वांना अडवतो.

शिक्षकांच्या वेतन अनुदानाचा हिशेब मात्र उच्च शिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांकडे वेगळा द्यावा लागतो. एकाच संस्थेचे व्यवहार असे दोन कार्यालयांत विभागले जात असल्याने, दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून वाचल्याशिवाय तिची खरी आर्थिक स्थिती कळत नाही.

हिशेब देण्यात सतत कसूर करणाऱ्या विश्वस्ताला कलम ४१-ड खाली निलंबित करण्याचा किंवा पदावरून दूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे, आणि तो त्यांना स्वतःहून किंवा हितसंबंध असलेल्या व्यक्तीच्या अर्जावरूनही वापरता येतो.