संग्रहाचे उद्यापन

आपल्या घरांतून व्रत धरण्यास जितके महत्त्व आहे, तितकेच ते समाप्त करण्यासही आहे. मंगळागौर नववधूने पाच वर्षे पुजावी व मग तिचे यथाविधि उद्यापन करावे. सोळा सोमवारांचे व्रत सतराव्या सोमवारी पुरे करावे. चातुर्मासात वर्ज्य केलेला पदार्थ कार्तिकात प्रथम दान द्यावा व नंतर आपण सेवन करावा. धरलेली गोष्ट अर्ध्यावर टाकणे हा जसा दोष, तसेच ती अंतावाचून चालवीत राहणे हाही दोषच, हे आमच्या पूर्वजांनी ओळखले होते. छंदांच्या बाबतीत मात्र आपण असा विचार केलेला दिसत नाही. छंद लागतो कसा हे सर्वांस ठाऊक असते. तो सोडावा कसा, हे कोणी शिकवीत नाही. आज आम्ही अशाच एका छंदाविषयी, म्हणजे चित्रकथांच्या मालिकेच्या संग्रहाविषयी, चार शब्द लिहिणार आहोत.

विषय पोरकट आहे असे कोणी म्हणेल. परंतु सोलापुरासारख्या शहरात आज जुने वाडे पाडून सदनिका उभ्या राहत आहेत आणि वाड्यांतील माळे रिकामे होत आहेत. तांब्यापितळेची भांडी निघतात, पोथ्या निघतात, आणि एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेतून सुतळीने बांधलेले ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे गठ्ठेही निघतात. ज्याने ते बाळपणी जमविले तो गृहस्थ आता साठीच्या घरात आलेला असतो. नव्या जागेत माळा नाही; मुलगा पुण्यास किंवा परदेशी असून त्यास त्यांचे अगत्य नाही; आणि गृहिणीचा प्रश्न साधा व रास्त असतो, की हे ठेवावयाचे कोठे? एवढ्या प्रश्नावरून कित्येक घरांत अबोला धरला जातो. तेव्हा विषय दिसतो तितका लहान नाही.

इंद्रजालचा इतिहास थोडक्यात असा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ही मालिका इंग्रजीत सुरू केली व पुढे मराठीसह अनेक देशी भाषांतून ती निघू लागली. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ साली मँड्रेक हा जादूगार व १९३६ साली फँटम हा मुखवटाधारी वीर निर्माण केला होता. त्या फँटमच्या कथांनी इंद्रजालचे पहिले बत्तीस अंक भरले. पुढे मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ साली आबिद सुरती यांच्या लेखणीतून व गोविंद ब्राह्मणिया यांच्या कुंचल्यातून बहादूर हा अस्सल देशी नायक अवतरला. १९९० साली मालिका बंद पडली.

फँटमचे मराठीत ‘वेताळ’ असे बारसे ज्या अनामिक भाषांतरकाराने मान्य केले, त्याच्या रसिकतेची तारीफ केली पाहिजे. वेताळ आम्हांस परका नव्हता. कोकणात व गोव्यात तो ग्रामदैवत आहे, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे, आणि वेताळपंचविशी तर घरोघर ऐकलेली. त्यातच मद्रासेहून निघणाऱ्या ‘चांदोबा’ मासिकात राजा विक्रम वेताळाचे प्रेत खांद्यावर घेऊन दर महिन्यास चालतच होता. हे मासिक १९४७ साली तेलुगूत सुरू झाले, त्यानंतर ते कन्नडात आले व १९५२ साली मराठीत निघू लागले. सोलापुरात या तिन्ही भाषा एकाच पेठेत नांदतात. त्यामुळे देशस्थाच्या घरचा मुलगा, पद्मशाली विणकराचा मुलगा व लिंगायत व्यापाऱ्याचा मुलगा आपापल्या भाषेत तीच गोष्ट वाचून एकाच वर्गात येऊन बसू शकत होते. एकीकडे झाडावर लोंबकळणारा वेताळ व दुसरीकडे पांढऱ्या घोड्यावर बसणारा वेताळ, असे हे दोन वेताळ एका पिढीच्या मानगुटीवर बसले, असे म्हणावयास हरकत नाही.

संग्रहाचे मर्म या दोन वेताळांच्या तुलनेतच सापडते. मूळ वेताळपंचविशीस शेवट आहे. चोवीस प्रश्नांस राजा उत्तरे देतो व दर वेळी वेताळ झाडावर परततो. पंचविसाव्या प्रश्नास उत्तर सुचत नाही म्हणून राजा मौन धरतो, आणि त्या मौनानेच कथा सुटते. चांदोबातील राजाचे तसे नव्हते. पंचवीस कथा केव्हाच संपल्या. संपादकांनी त्याच साच्यात नव्या कथा घालून ते सदर अनेक दशके चालविले. राजा दर महिन्यास बोले व वेताळ दर महिन्यास झाडावर जाई. वेताळ या इंद्रजालच्या वीराचीही रचना अशीच आहे. तो एक माणूस नव्हे. पित्यामागून पुत्र तोच मुखवटा चढवितो, आणि आपल्या ओळखीचा वेताळ हा त्या वंशातील एकविसावा. जी कथा मुळातच न संपण्यासाठी रचली आहे, तिच्यापुढे मौन धरण्याचे काम राजाचे नसून वाचकाचे असते.

आता संग्राहकाकडे वळू. आरंभी तो गोष्टीसाठी अंक घेतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीच्या गड्ड्यात, खाऊसाठी मिळालेले पैसे राखून तो स्टेशनावरील पुस्तकविक्रेत्याकडे किंवा नव्या पेठेतील दुकानी धाव घेतो, अंक वाचतो, मित्रास देतो, पुन्हा वाचतो. मग केव्हातरी त्याचे लक्ष मुखपृष्ठावरील क्रमांकाकडे जाते, आणि त्या दिवसापासून वाचक मागे सरून संग्राहक पुढे येतो. पूर्वी न वाचलेली गोष्ट त्यास बोलावीत असे. आता न मिळालेला क्रमांक टोचू लागतो. इंद्रजालच्या इंग्रजी मालिकेत १२३ व १२४ हे क्रमांक कधी निघालेच नाहीत, कारण त्या वेळी छापखान्यात संप होता. ज्यास ही हकीकत ठाऊक नाही, असा संग्राहक रद्दीच्या दुकानांतून हे दोन अंक जन्मभर शोधीत राहिला तरी त्यास ते मिळावयाचे नाहीत. पुढे तर ४४३ या क्रमांकानंतर प्रकाशकांनी क्रमांक देण्याची पद्धतच बदलली व खंड-अंकांची गणना धरली. ज्या आकड्यांवर आपण जीव टाकतो ते छापखान्याच्या सोयीने चालतात, हे यावरून ध्यानी यावे.

दुसरी गोष्ट वेगाची. मालिका आरंभी मासिक होती, मग पाक्षिक झाली आणि १९८० नंतरच्या दशकात साप्ताहिक झाली. वर्षास बारा अंकांचे चोवीस व चोविसांचे बावन्न झाले. गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या शहराचा दिवस चाले, तेथील मध्यम स्थितीच्या कुटुंबात हा भार हळूहळूच जाणवे, आणि म्हणूनच तो अधिक घातक. एकदम चौपटीहून अधिक मागणी आली असती तर वडिलांनी तत्काळ नकार दिला असता. पायरीपायरीने आलेली मागणी मात्र सवयीच्या नावाखाली मान्य होत गेली.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. नायक वाढत नाही, वाचक वाढतो. बाराव्या वर्षी ज्या जंगलाने मोहिनी घातली, त्याच जंगलाकडे तिसाव्या वर्षी पाहताना मनात प्रश्न उभा राहतो, की एका गोऱ्या वीराच्या धाकानेच तेथील सर्व जमाती सुखाने का नांदाव्या? त्या देशाचे मूळ नाव ‘बेंगाली’ होते. आमच्या वाचकांस ते खटकू नये म्हणून इंद्रजालने ते ‘डेंकाली’ असे केले. नाव बदलले, परंतु दृष्टी तीच राहिली. हे ज्यास दिसू लागले त्याने बाळपणीच्या प्रेमाची लाज बाळगण्याचे कारण नाही. मात्र पुढचा अंक घेण्याचेही कारण त्यास उरत नाही. वाढलेल्या मुलाने अंगरखा बदलावा, इतकी ही सहज गोष्ट आहे.

आजच्या मातापित्यांस हा प्रश्न नव्या वेषात भेटतो. आपली नातवंडे जपानी चित्रकथा वाचतात. ‘नारुतो’ ही त्यांची एक मालिका ७२ खंडांत २०१४ साली संपली. ‘वन पीस’ ही १९९७ साली सुरू झालेली मालिका मात्र शंभरावर खंड होऊनही बराच काळ चालूच राहिली. पहिली घेणारा मुलगा एका मुक्कामास पोहोचतो, दुसरी घेणाऱ्यास मुक्काम स्वतः ठरवावा लागतो. अशा मुलास ‘हे थिल्लर वाचन बंद कर’ असे दरडावण्यापेक्षा, ‘गेला खंड तुला आवडला का, की केवळ पुढचा आहे म्हणून पाहिजे?’ असे विचारावे. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याची सवय लागली, तर ती पुढे त्यास चित्रकथांपुरतीच उपयोगी पडेल असे नाही.

यावर एक आक्षेप येईल, की जुन्या अंकांस आज चांगली किंमत येते, मग ते सोडावे का? ज्यास विकावयाचे आहे त्याने खुशाल विकावे. त्यात कमीपणा नाही. परंतु विकावयाचेही नाही, वाचावयाचेही नाही, केवळ किंमत वाढते म्हणून धरून ठेवावयाचे, हा कृपणाचा मार्ग होय. आणि कागद कोणासाठी थांबत नाही. हे अंक ज्या स्वस्त कागदावर छापले जात त्यात लाकडाच्या लगद्यातील लिग्निन हे द्रव्य राहते. हवा व प्रकाश यांनी तो पिवळा पडतो, आणि उष्णतेने अधिक लवकर ठिसूळ होतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या सोलापुरात पत्र्याची ट्रंक म्हणजे भट्टीच. टाचण्या गंजतात, घडीवर पाने तुटतात. मोहाने जपलेली वस्तू आपण जपत नसून हळूहळू जाळीत असतो.

म्हणून आमची सूचना अशी, की छंदाचेही उद्यापन करावे. प्रथम जवळच्या अंकांची यादी करावी. नंतर महिना दोन महिने घालून ते एकवार वाचावेत, शक्य तर नातवंडांस जवळ बसवून. ज्यांत अजून रस आहे असे दहापाच अंक निवडून, गंजलेल्या टाचण्या काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावेत. बाकीचे दान करावेत, परंतु सत्पात्री. रद्दीवाला हे त्याचे पात्र नव्हे. गावातील वाचनालयास आधी विचारावे. बालविभाग असलेल्या संस्थेस किंवा मराठी भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यास विचारावे. चित्रांच्या पुस्तकांस प्रतिष्ठा नव्हती, तेव्हा ती संग्रही ठेवण्याची काळजी संस्थांनी क्वचितच घेतली. म्हणूनच परक्या नायकांच्या तोंडी त्या काळचे चालते-बोलते मराठी कसे घातले, याचा पुरावा आज बहुधा अशाच घरगुती ट्रंकांतून आहे. कोणी हे अंक यंत्रावर उतरवून सर्वत्र वाटावे म्हणेल. त्याने लेखक-प्रकाशकांचे हक्क अद्याप जिवंत असू शकतात, हे ध्यानी ठेवावे.

आणि हे सर्व घरातील माणसांनी, ज्याचा संग्रह आहे त्याच्या हातून होऊ द्यावे. तो बाहेरगावी असता माळा साफ करून टाकणे ही स्वच्छता नव्हे. पाचपन्नास वर्षे जपलेली वस्तू ज्याची त्यानेच आपल्या हाताने दुसऱ्याच्या हाती दिली, तर मागे हळहळ उरत नाही; ती न विचारता गेली, तर भिंतीवर जागा झाली तरी मनात अडगळ राहते. व्रत ज्याने धरिले, उद्यापनास त्यानेच बसावयाचे असते.