अळूचं पान ओलं का होत नाही?

परसातल्या अळूचं एक पान तोडा (चीक हाताला लागू देऊ नका, खाज सुटते) आणि पाण्याच्या बादलीत बुडवून तिरकं धरा. पानावर चांदीचा वर्ख लावल्यासारखं दिसेल. ती चमक हवेची! पानाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे कण. मधल्या फटींत हवा अडकते आणि पाणी वरच्या वर राहतं. बाहेर काढा, पान कोरडं ठणठणीत.

आता खरी गंमत. अर्धं पान अंगठ्याने दाबून घासा आणि दोन्हीकडे थेंब सोडा. न घासलेल्या बाजूला थेंब गोळी होऊन पळतो, घासलेल्या बाजूला फतकल मारून बसतो. मेण गेलं, थाट गेला! साबणाचं पाणीही पानाला चिकटतं, कारण साबणाने पृष्ठताण कमी होतो. कांद्याच्या मेणचट पातीवर फवारताना शेतकरी औषधात स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) मिसळतात, ते याचसाठी.

घरंगळणारा थेंब धूळही सोबत नेतो, हे जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळासह अनेक पानांवर दाखवलं. चिमूटभर बारीक माती भुरभुरून अळूवरही करून बघा. पान मात्र ताजं हवं, फ्रिजमधलं मरगळलेलं नको.