पातं तुटतं तेव्हा

दुबईहून रास अल खैमाकडे निघालं, की उम्म अल कुवैनला हमरस्त्याच्या कडेला एक अजस्र विमान नुसतंच उभं दिसायचं. सोव्हिएत बनावटीचं मालवाहू इल्युशिन-७६, अंगावर हॉटेलची जाहिरात रंगवलेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे होतं; २०२२ मध्ये तोडलं. गाडीतली पोरं त्याची इंजिनं मोजायची. चार! आपल्याला मुंबईला नेणाऱ्या विमानाला मात्र दोनच. मग त्यातलं एक हवेत गेलं तर?

ऑक्टोबर २०१९ मध्ये ते खरंच गेलं. एकदा नाही, आठवड्याभरात चारदा, तेही इंडिगोच्या ए-३२० निओ विमानांवर. १ नोव्हेंबरला भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, इंडिगोला खडसावलं: ९७ विमानांवरची जुनी प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं बदला, नाहीतर विमानं उडणार नाहीत. मुंबईच्या गोएअरकडेही हीच इंजिनं होती.

दुखणं होतं इंजिनाच्या मागच्या टोकाला, लो प्रेशर टर्बाइनमध्ये. तिथे एकामागे एक तीन चक्रं, प्रत्येकाच्या कडेला पात्यांची दाट रांग. या इंजिनात पुढचा मोठा पंखा एक फेरी घेतो तोवर हे टर्बाइन तीन घेतं. मध्ये गिअर आहे ना! एवढ्या गरगरीत प्रत्येक पातं चक्रातून निसटायला बघतं, म्हणून त्याचं वजन जितकं कमी तितकं बरं. तिसऱ्या चक्राची पाती टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडची केली होती. नेहमीच्या निकेल मिश्रधातूच्या जेमतेम निम्म्या वजनाची. कल्पना झकासच, पण हा पदार्थ चिनीमातीच्या कपाच्या जातीचा. धग सोसतो, टोला सोसत नाही. पुढून एखादा तुकडा उडून आला, की पातं वाकायचं सोडून सरळ तुटतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं. चक्राचा तोल गेला, की इंजिन थरथरू लागतं आणि वैमानिक ते बंद करतो.

उपाय साधा निघाला: टोला सोसणाऱ्या मिश्रधातूची पाती. इंजिनं उतरवून ती बसवायला मात्र महिने लागले, मुदतही वाढवावी लागली.

आणि पोरांच्या प्रश्नाचं उत्तर? उड्डाणाच्या ऐन धावेत, थांबायची वेळ टळून गेल्यावर एक इंजिन गेलं, तरी उरलेल्या एकावर वर चढून दाखवल्याशिवाय दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला मान्यताच मिळत नाही. त्या चारही विमानांतले प्रवासी सुखरूप उतरले.