पंचहौदातला चहा

व्याख्यान ऐकायला गेलेल्या माणसांपुढे ध्यानीमनी नसताना चहा-बिस्किटं आली, एवढीच गोष्ट. साल १८९०, महिना ऑक्टोबर, जागा पुण्यातलं वेताळ पेठेतलं (आताची गुरुवार पेठ) पंचहौद मिशन. बोलावणं गोपाळराव जोशींचं. हे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, आणि दुसऱ्याची फजिती बघायला कुठल्याही थराला जाणारे गृहस्थ. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले. व्याख्यान संपलं आणि मिशनच्या मंडळींनी कप पुढे केले. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखायला कप नुसता हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. मग ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आली आणि शहर पेटलं.

नाव छापताना कोण प्यायलं आणि कोणी ठेवून दिलं, हा भेद कोण करतो?

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, शास्त्र्यांचं कमिशन बसलं. हजर असलेल्यांवर ग्रामण्य आलं, म्हणजे जातीचा बहिष्कार. तो कसा असे, हे आज सांगावं लागतं. घरी मुंज निघाली तर भटजी येत नाही, पंगतीला आचारी मिळत नाही, सोयरीक तुटते. आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन आलो आहोत, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये, मुख्यतः अडचणीत आलेल्या स्नेह्यांसाठी, प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांच्या शिव्या खाल्ल्या.

यात मला कुतूहल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मिशनमध्ये जाऊन व्याख्यान ऐकलं, पाद्र्यांशी वाद घातला, तर त्याने कोणी बाटत नव्हतं. बायबल वाचूनही नाही. कानातून गेलेलं चालत होतं, घशातून गेलेलं नाही. म्हणून तर परमहंस सभेने परीक्षा ठेवली ती खाण्याचीच. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मित्रांनी काढलेली ही गुप्त मंडळी. नव्या सभासदाने ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा. गुपित दहाएक वर्षं टिकलं. १८६० मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा बसली. इथेही घात केला तो नावांच्या यादीनेच.

पण ताटावरून पंक्तिभेद ही फक्त पुण्या-मुंबईची मिरास नव्हे. ख्रिस्ती मंडळीची पहिली मोठी भांडणं याच कारणावरून झाली. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर बिनधास्त जेवत होता. याकोबाकडची, यहुदी नियम पाळणारी माणसं आली तसा घाबरून बाजूला सरकला. पौलाने त्याला चारचौघांत सुनावलं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा किस्सा आहे, आणि ग्रामण्याची कहाणी माहीत असलेल्या मराठी वाचकाला तो फारच ओळखीचा वाटेल. पेत्रालाही चिंता होती ती ‘आपली माणसं काय म्हणतील’ याचीच.

पंचहौदातल्या चहात सहभोजनाचा आनंद फारसा नव्हता, हे मान्य करायला हवं. बोलावणाऱ्याच्या मनात खोडी, पिणाऱ्याच्या मनात धाकधूक. निर्मळ आतिथ्य असेल तर ते कप पुढे करणाऱ्यांचं, आणि त्यांची आठवण या सगळ्या इतिहासात कोणी ठेवत नाही.

खऱ्या सोबतीची गोष्ट हवी असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत नांदायला आल्या, त्या आपलं सोवळं सांभाळतच. नवरा एकाच घरात, पण चूल निराळी. आजूबाजूला ख्रिस्ती शेजार, त्यांची मायाही, तरी त्यांच्या हातचं पाणी नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग जात देवाने केली की माणसाने, याचा बाईंनी स्वतःशीच छडा लावला आणि कोणाच्याही हातचं खायला मोकळ्या झाल्या. कमिशन नाही, वर्तमानपत्र नाही. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. सोवळं त्याआधीच सुटलं होतं.